एकविसाचा अडसर

ला फ्रान्सला फळ धरत नव्हतं.

लियों शहरातल्या ज्याँ-बातीस्त आंद्रे गियो या रोपवाटिकेच्या मालकाने १८६७ साली हा गुलाब लोकांपुढे आणला. रुपेरी झाक असलेला गुलाबी रंग, उंच उभी कळी, बाहेर वळलेल्या पाकळ्या, भरभरून सुगंध. शिवाय वर्षातून एकदाच फुलून थांबायचं नाही, पुन्हा पुन्हा फुलायचं. आज फुलवाल्याकडे लांब दांड्याचे गुलाब मिळतात ते ज्या 'हायब्रिड टी' घराण्यातले, त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून ला फ्रान्सचं नाव घेतात. पण मूळपुरुष म्हटला की संतती आली, आणि तिथेच सगळं अडलं होतं. नवे वाण काढणारे त्याच्यावर दुसऱ्या गुलाबाचे पराग टाकत, त्याचे पराग दुसऱ्या गुलाबावर टाकत, आणि काही दिवसांत देठ पिवळा पडून फुलाची बोंडी गळून जाई. त्याच्या वंशात जे नाव कमावून गेले त्यातले बरेचसे बीजातून आलेच नाहीत. झाडाच्या एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो आणि तिला वेगळ्या रंगाची फुलं येतात. बागवाले त्याला 'स्पोर्ट' म्हणतात. १८८८ची 'डचेस ऑफ अल्बनी' ही ला फ्रान्सच्या झाडावरची अशीच गडद गुलाबी फांदी. तिचे डोळे भरून नवी झाडं केली, एवढंच.

इतक्या धडधाकट झाडाला बी का धरू नये, याचं उत्तर मिळायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. ते उत्तर म्हणजे एक आकडा आहे: २१.

ज्यांनी गुलाबाचा संकर कधी हाताने केलेला नाही त्यांच्यासाठी जरा थांबतो. पुण्याच्या थंडीत, डिसेंबरच्या सकाळी, उद्या उमलेल अशी कळी निवडायची. पाकळ्या एकेक करून उपटायच्या. आत पुंकेसरांचं पिवळं कडं दिसतं. ते बारीक कात्रीने किंवा चिमट्याने काढून टाकायचं, एकही परागकोश फुटायच्या आत. मधोमध उरतो तो स्त्रीकेसरांचा चिमूटभर जुडगा. दुसऱ्या दिवशी तो चिकट झाला की निवडलेल्या गुलाबाचे सुके पराग बोटाने किंवा मऊ कुंचल्याने त्यावर टेकवायचे, कागदी पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची. मग वाट पाहायची. एका वर्षी मी गच्चीवर अशी तेरा फुलं बांधली होती. तीन आठवड्यांत अकरा गळाली. दोन फळं टिकली, फेब्रुवारीनंतर नारिंगी झाली. एक कापलं तर आत नुसते खाजरे केस आणि तांदळाच्या कणीएवढ्या पोचट बिया. दुसऱ्यात चार टणक बिया होत्या. त्या चार बियांकडे मी किती वेळ बघत बसलो होतो ते घरच्यांनाच ठाऊक. एकोणिसाव्या शतकातली ही माणसं हेच काम हजारो फुलांवर, वर्षानुवर्षं करत होती, आणि आत काय चाललं आहे याचा त्यांना काडीचाही सुगावा नव्हता.

या गोष्टीचं मूळ चीनमध्ये आहे. १७९२ ते १८२४ या काळात चार चिनी गुलाब इंग्लंडात पोचले: स्लेटरचा किरमिजी, पार्सन्सचा गुलाबी, ह्यूमचा फिका आणि पार्क्सचा पिवळा, शेवटचे दोन चहासारख्या वासाचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या वाटेवर कलकत्ता होतं, म्हणून फ्रेंच लोक चिनी गुलाबांना 'बंगाल गुलाब' म्हणत. युरोपातले जुने गुलाब, म्हणजे गॅलिका आणि दमास्क वगैरे, दणकट आणि सुवासिक, पण बहुतेक सगळे उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा फुलले की वर्षभर नुसतं झुडूप. हे चिनी गुलाब मात्र अंगाने नाजूक, थंडीला भिणारे, पण बारमाही. दोघांचं लग्न लावावं हे कुणालाही सुचलं असतं.

लग्नं लागली. हिंदी महासागरातल्या बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियोंवर, तर ती माणसाने लावलीही नाहीत. तिथले शेतकरी कुंपणाला दोन्ही जातींचे गुलाब लावत, आणि १८१७च्या सुमाराला त्या कुंपणात एक तिसराच गुलाब सापडला. आपल्याकडे 'एडवर्ड' नावाने ओळखला जाणारा गुलाब या बूर्बों घराण्यातलाच. युरोपात मात्र माळ्यांना एक कोडं सतत भेटत राहिलं. चिनी आणि युरोपीय गुलाबांच्या पहिल्या पिढीतली पोरं अंगाने राकट, पण एकदाच फुलणारी, आणि त्यातली बहुतेक वांझ. बारमाही फुलण्याचा गुण झाकला जाणारा आहे, तो दोन्हीकडून मिळाला तरच दिसतो, हे मेंडेलचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आल्यानंतर कळणार होतं. म्हणजे दुसरी, तिसरी पिढी काढल्याशिवाय हवं ते हाती लागणार नाही, आणि पहिलीच पिढी वांझ. या कात्रीतून वाट काढायला सत्तर वर्षं लागली यात नवल नाही. ती निघाली कशी, याचं मला जास्त नवल वाटतं.

आता तो आकडा. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात आणि गुलाबात त्यांचा मूळ संच ७चा. चिनी गुलाबात असे दोन संच, १४ गुणसूत्रं. गॅलिका आणि दमास्क यांच्यात चार संच, २८. पराग किंवा बीजांड तयार होताना हा आकडा निम्मा होतो: एका बाजूने ७, दुसऱ्या बाजूने १४. बेरीज २१, तीन संच. झाड म्हणून २१ गुणसूत्रांना काहीच अडचण नाही. ते वाढतं, फुलतं, उलट कित्येकदा जास्तच जोमाने. अडचण येते ते स्वतः पराग करायला बसतं तेव्हा. त्या वेळी गुणसूत्रं जोडीजोडीने उभी राहतात आणि जोडीतलं एकेक दोन बाजूंना जातं. तीन संचांत दोघांची जोडी जमते, तिसरं एकटं उरतं. अशी सात एकटी. त्यातलं प्रत्येक कुठल्या बाजूला जाईल याला धरबंध नाही. ढोबळ हिशेब करून पाहा: सात जणांनी प्रत्येकी डावीकडे किंवा उजवीकडे जायचं, तर १२८ प्रकार होतात. त्यातले फक्त दोन प्रकार असे की सातही एकाच बाजूला जातील आणि पराग ७चा किंवा १४चा पुरा संच घेऊन निघेल. चौसष्टांत एक. बाकीच्यांना ९, १०, ११ असा अर्धामुर्धा संसार मिळतो आणि त्यातले बहुतेक मरतात. प्रत्यक्ष पेशीत व्यवहार याहून गुंतागुंतीचा आहे, पण ला फ्रान्सच्या गळणाऱ्या फळांमागचं कारण हेच. तो २१चा गुलाब आहे.

मात्र चौसष्टांत एक म्हणजे शून्य नव्हे. गुलाबाच्या नव्या घराण्यांचा बराचसा इतिहास त्या एकाच्या जोरावर उभा आहे. शिवाय कधी कधी विभाजनच चुकतं आणि चिनी गुलाबाकडून ७ऐवजी सगळीच्या सगळी १४ येतात; मग पलीकडच्या १४शी बेरीज होऊन थेट २८. अशी एखादी रोपं हजारांच्या वाफ्यात मिसळून उगवत असणार. कुणाच्याही लक्षात न येता ती पुढच्या पिढ्यांची आई किंवा बाप होत गेली, कारण बी तीच धरत होती. माळ्याने सुंदर फूल निवडलं असं आपण म्हणतो. त्याच्या आधी गुणसूत्रांनी आपली निवड करून ठेवलेली असे.

इंग्लंडात विल्टशरमधला हेन्री बेनेट हा गुरांचा पैदासकार. वळू आणि गाय ठरवून, नोंद ठेवून जसं वासरू काढतात तसं गुलाबाचं करता येईल असं त्याने ठरवलं. तोवर फ्रान्समधले बरेच जण बागेत वाऱ्याने आणि माशांनी धरलेलं बी गोळा करून पेरत. आई माहीत, बाप रामभरोसे. खुद्द गियोलाही ला फ्रान्सचे आईबाप खात्रीने सांगता आले नाहीत. बेनेटने काचघरात, कुंडीत, हाताने संकर केले आणि १८७९मध्ये आपल्या नव्या वाणांना वंशावळीसकट बाजारात आणलं. त्याची १८८२ची 'लेडी मेरी फिट्झविल्यम' झाड म्हणून रडतं, किडकिडीत होतं. पण ती बी धरत होती! तिच्यापासून निघालेल्या वाणांत १८९०ची 'मादाम कॅरोलिन तेस्तू' आहे, आणि तिच्यामागे मोठी वंशावळ आहे. बागेच्या दृष्टीने टाकाऊ असलेलं झाड पैदाशीत सोन्याचं ठरतं, हे बेनेटसारख्या गुरं पाळणाऱ्या माणसाला बघताक्षणी उमगलं असेल.

आकडे जुळले की सगळं जुळलं, असंही नाही. कॅरोलिन तेस्तू काढणारा लियोंचा जोझेफ पेर्ने-द्युशे पिवळ्या गुलाबाच्या मागे लागला होता. इराणातून १८३७च्या सुमाराला आलेल्या 'पर्शियन यलो'चा रंग झळझळीत, पण वास नकोसा आणि फळ धरायचं नाव नाही. त्याची गुणसूत्रं २८च. संख्या बरोबर, तरी त्याचे संच युरोपीय गुलाबांच्या संचांशी नीट जोडी जमवत नाहीत. पेर्ने-द्युशे १८८०च्या दशकापासून त्याचे पराग हजारो फुलांवर टाकत राहिला. मूठभर बियांतून, आणि त्या बियांच्याही पुढच्या पिढीतून, १९०० साली 'सोलेय द'ओर' बाजारात आला. आज आपल्या बागांत जे पिवळे, केशरी, अबोली रंगाचे गुलाब आहेत ते मुख्यतः या एका चिवट प्रयत्नाचे वारस आहेत, आणि पानांवर पडणारे काळे ठिपकेही बऱ्याच अंशी त्याच वारशातले. पेर्ने-द्युशेचे दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले. क्लॉदियस आणि जॉर्ज. त्यांच्या आठवणीत त्याने १९२० आणि १९२१मध्ये एकेक गुलाब काढला.

बरोबर त्याच दोन वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली उत्तर दिसू लागलं. स्वीडनमध्ये गुन्नर टेकहोल्म आणि इंग्लंडात न्यूकॅसलला कॅथलीन ब्लॅकबर्न व हेस्लॉप हॅरिसन. टेकहोल्मने १९२०मध्ये दाखवलं की गुलाबाचा पाया ७चा, आणि निरनिराळ्या जाती १४, २१, २८, ३५, ४२ अशा सातच्या पाढ्यात बसतात. त्याचा मोठा ग्रंथ १९२२चा. वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात कळी इतकी कोवळी असताना खुडावी लागते की तिच्यात फुलाचा रंगही उतरलेला नसतो; पराग तयार होण्याची वेळ तेव्हाची. एक दिवस उशीर झाला की सगळं उरकलेलं. मग परागकोश रसायनात बुडवून मेणात बसवायचा, त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या काढायच्या, रंगवायच्या, आणि शेकडो पेशींतून नेमकी ती पेशी शोधायची जिच्यात गुणसूत्रं पसरून उभी आहेत. गुलाबाची गुणसूत्रं आखूड आणि ठिपक्यांसारखी. टेकहोल्मने शेकडो गुलाबांसाठी हे केलं.

सगळ्यात मोठं नवल निघालं ते कुंपणातल्या रानगुलाबाचं. युरोपभर वाटेच्या कडेला उगवणारा, गुलाबाचे डोळे भरायला खुंट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा 'रोझा कॅनिना'. त्याच्यात ३५ गुणसूत्रं, पाच संच. विषम आकडा, म्हणजे तो वांझ असायला हवा. पण तो तर लालभडक फळांनी लदलेला असतो! टेकहोल्म आणि ब्लॅकबर्न-हॅरिसन या दोघांनाही, स्वतंत्रपणे, त्याची युक्ती सापडली. पराग करताना ३५पैकी १४ गुणसूत्रं सात जोड्या करून नीट वागतात, उरलेली २१ एकटी वाटेत गळून जातात; परागाला मिळतात फक्त ७. बीजांडाच्या बाजूला मात्र ती एकवीसच्या एकवीस एकाच टोकाला जातात आणि सातांत मिसळतात. बीजांडाला मिळतात २८. अठ्ठावीस आणि सात, पुन्हा पस्तीस. ज्या २१ने ला फ्रान्सला वांझ केलं, त्याच २१ गुणसूत्रांना हा रानगुलाब आईकडून मुलीकडे जशीच्या तशी, घरातल्या दागिन्यांसारखी पोचवत आला आहे. त्यामुळे त्याची पोरं आईच्या वळणावर जातात, आणि आईबापांची अदलाबदल केली तर वेगळीच दिसतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या रानगुलाबांना शेकडो नावं देऊन जो गोंधळ घालून ठेवला होता त्याचा उलगडा इथे झाला. निसर्गातली इतकी देखणी तोड मला दुसरी माहीत नाही.

मोजणी मग वेगाने पसरली. इंग्लंडात सी. सी. हर्स्ट, अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आयलीन अर्लॅन्सन. या अर्लॅन्सनबाई पुढे मॅकफार्लेन आडनावाने भारतात आल्या, गुलाब मागे ठेवून कोचीनच्या आणि दख्खनच्या लोकांचे रक्तगट तपासू लागल्या. माणसांचाही वंश शोधायचाच होता. १९४५मध्ये लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेतून डार्लिंग्टन आणि आपल्या केरळच्या जानकी अम्माल यांचा लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश निघाला. आता नवं वाण काढणाऱ्याला आधीच विचारता येत होतं, या दोघांचं जमेल का?

पण माहिती असूनही दार दैवानेच उघडलं, अशी एक हकिगत आहे.

जर्मनीत होल्स्टाइनच्या सपाट, थंड मुलखात स्पारीसहूप गावी विल्हेल्म कोर्डेसची रोपवाटिका. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा तरुण इंग्लंडात होता. शत्रुदेशाचा म्हणून त्याला आइल ऑफ मॅनवर स्थानबद्ध केलं. ती वर्षं त्याने पैदाशीवरची पुस्तकं वाचण्यात घालवली. सुटून घरी आल्यावर त्याला हवा होता तो उत्तरेच्या हिवाळ्यात मान टाकणार नाही असा गुलाब. त्याची नजर 'मॅक्स ग्राफ'वर होती: अमेरिकेत १९१९मध्ये बाजारात आलेला, जमिनीसरपट पसरणारा, चकचकीत पानांचा, रोगाला आणि थंडीला दाद न देणारा. आईबाप दोघेही आशियातले, रुगोसा आणि विचुरायाना, दोघांचीही गुणसूत्रं १४. तरी मॅक्स ग्राफ वांझ, कारण एका बाजूच्या सातांना दुसऱ्या बाजूच्या सातांची ओळख पटत नाही. जोडीला उभं राहायचं तर कुणाशी?

कोर्डेसने ते झाड उपटून टाकलं नाही. वर्षानुवर्षं त्याच्यावर फळ शोधत राहिला. १९४०च्या सुमाराला, युद्धाच्या दिवसांत, त्याच्या हाती काही बिया लागल्या आणि त्यातून दोन रोपं आली. एक थंडीने गेलं. दुसरं जगलं, फुललं, आणि त्याला फळं धरली. वुल्फ या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची गुणसूत्रं मोजली तेव्हा ती १४ नव्हती, २८ होती. कुठल्या तरी क्षणी, माणसाचा हात न लागता, संपूर्ण संचच दुप्पट झाला होता. त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राला आपलाच जुळा जोडीदार मिळाला आणि वांझपण संपलं. आणि त्या २८मुळेच हा रानटी सरपटणारा गुलाब एका झटक्यात बागेतल्या हायब्रिड टी गुलाबांच्या बरोबरीला येऊन बसला. त्यांच्याशी संकर करताना २१चा अडसर मध्ये येणार नव्हता. १९५१मध्ये वुल्फने त्याला नवी जात म्हणून नाव दिलं: रोझा कोर्डेसी. तीनच वर्षांत 'हाम्बुर्गर फिनिक्स' आणि 'लेव्हरकूझेन' हे त्याचे वंशज बाजारात होते.

तोवर हीच गोष्ट मुद्दाम करण्याचं औषधही हाती आलं होतं. कोल्चिसिनने पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात हे १९३७मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी दाखवलं. हे द्रव्य आपल्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच विषारी कळलावी. पण कोर्डेसच्या वाफ्यात जे घडलं ते कोल्चिसिनशिवाय घडलं, आणि तेही राखून ठेवलेल्या एका निरुपयोगी झाडावर.

कॅनडात ऑटावाच्या मध्यवर्ती प्रायोगिक फार्मवर फेलिसितास श्वेय्दा या व्हिएन्नात जन्मलेल्या संशोधिकेने १९६१पासून थंडीत टिकणाऱ्या गुलाबांचं काम हाती घेतलं. उणे तिसाच्या खाली जाणारा हिवाळा, बर्फाखाली गाडली गेलेली झुडपं, वसंतात काय जिवंत निघतं याची नोंद. कोर्डेसी तिच्या कामाचा कणा झाली. 'जॉन कॅबट', 'विल्यम बॅफिन' असे दर्यावर्द्यांच्या नावांचे तिचे गुलाब त्या देशात आज दारोदार चढलेले दिसतात.

आणि लियों? २०१८मध्ये तिथल्या एकोल नॉर्माल सुपेरियरमधल्या मोहम्मद बेंदाहमान यांच्या गटाने, इतर अनेकांच्या साथीने, गुलाबाची सातही गुणसूत्रं अक्षर अन् अक्षर वाचून काढली. त्यासाठी त्यांनी निवडला होता 'ओल्ड ब्लश', म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी आलेला पार्सन्सचा तोच गुलाबी चिनी गुलाब. दोन संचांची सरमिसळ नको म्हणून त्याच्या परागकोशातल्या एका कच्च्या परागपेशीपासून, तिच्या एकट्या सातांपासून, काचेच्या बशीत ऊती वाढवली. ते वाचून झाल्यावर त्यांनी त्याच्या शेजारी ला फ्रान्स ठेवला आणि गुणसूत्रांचा तुकडा तुकडा जुळवून पाहिला. कुठे चिनी, कुठे युरोपीय, गोधडीसारखे ठिगळाला ठिगळ लागलेले. गियोला जे आईबाप सांगता आले नव्हते त्यांच्या घराण्यांच्या खुणा त्याच्याच गावात, त्याच्याच गुलाबात, एकशेएक्कावन्न वर्षांनी सापडल्या.